फाटक्या ओठाचा हेकरू

आबा पायवाटेनं येत होते आणि त्यांच्या खांद्यावरून कसली तरी शेपटी गुडघ्यापर्यंत लोंबत होती. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. लांबून वाटलं, म्हाताऱ्याच्या पाठीवर कुणी भिजकं पोतं दिलंय. जवळ आले तेव्हा दिसलं, तो मासा होता. हेकरू. खडकाच्या कपारीत राहणारा, मोठ्या तोंडाचा, मुंबईकडे ज्याला गोबरा म्हणतात तो.

"शेवंते, आडाळ्यार कापूचो मासो नाय ह्यो," आबा फाटकातूनच ओरडले. "कोयतो काढ, कोयतो!"

आडाळा म्हणजे आमची विळी, आणि आबा म्हणजे माझे सासरे. गळाला हात लावून त्यांना दोन वर्षं झाली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात हट्ट; दिसायच्या त्या नुसत्या सावल्या, पण समुद्र हातांना पाठ होता. माझा नवरा सत्यवान सकाळीच मालवणला गेला होता, ते बघून म्हाताऱ्यानं छोटी होडी एकट्यानं पाण्यात लोटली होती.

"तुमी एकटेच गेल्यात? झील येवंदेत तुमचो, मगे बघा."

"बोंबलू नको. उद्या सभा. उद्यापासून खडपार गळ बंद, नांगर बंद. मी शबूद दिलंय, सगळ्यांच्या आधी माझो हात वर जातलो. म्हटला, शेवटचो गळ टाकून येवया. चेडू उद्या जातला. तेका काय वालीची भाजी खावक घालून धाडतंस?"

झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी. आबांना स्वतःची मुलगी नव्हती. हे चेडू अचलपूरचं होतं, शर्वरी बोंडे नावाचं, आणि दोन हंगाम आमच्या माडीवर राहून आमच्या गावासमोरच्या खडपाचा नकाशा काढत होतं. आम्हाला खडप म्हणजे जिथं जाळं अडकून फाटतं ती जागा. शर्वरीनं येऊन सांगितलं की ते प्रवाळ आहे, जिवंत आहे, आणि आपण त्यावर रोज नांगर टाकतो. सत्यवानाच्या होडीतून ती रोज जायची. पाठीवर नळकांडं बांधून खाली उतरायची, तळाला फीत अंथरून तिच्या दोन्ही बाजूंचे मासे मोजायची, फोटो काढायची. संध्याकाळी ओटीवर तो नकाशा पसरला की आबा त्याच्यापाशी मांडी घालून बसायचे. हिरवं ते जिवंत, करडं ते मेलेलं, ठिपके म्हणजे माशांची पिल्लं. आबांना त्यातलं हिरवंही धड दिसत नसे, पण ते खडपाच्या एकेका सुळक्याचं नाव सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. माझी आई म्हणायची, पोटची लेक नसली की माणूस वाटेवरची उचलतो. आबांनी ही समुद्रातून उचलली होती.

आली तेव्हा या पोरीला मासा खाता येत नव्हता. पहिल्या दिवशी बांगड्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे माह्याच्यानं होत नाही." काटे काढायला मी शिकवलं. पुढं पुढं ती अशी जेवायची की आमच्या मांजरीला काही उरत नसे.

"आणि आयक," आबा मासा पाटावर टाकत म्हणाले, "मामाक सोडून टाकलंय हां गळ. घळीच्या हयल्या अंगाक. ह्यो मामा नाय. मामाचो मेव्हणो."

स्वतःच्याच विनोदाला हसत ते अंघोळीला गेले.

आता हा मामा कोण ते सांगायला हवं. खडपाच्या दक्षिणेला एक घळ आहे. तिच्यात एक जुना हेकरू राहायचा. शर्वरीला तो पहिल्याच महिन्यात दिसला. त्याचा खालचा ओठ जाड आणि लोंबता. तिनं फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, ह्यो तर माझ्या देवगडच्या मामासारखो दिसता, तंबाखूची गोळी धरल्यासारखो. झालं, त्या दिवसापासून तो मामा. त्याच्या ओठाला उजवीकडे बोट बसेल एवढी खाच होती. कधीकाळी कुणाचा तरी गळ तोडून सुटला होता, ती खूण. शर्वरी सांगायची, हे मासे आधी मादी असतात, मोठे झाले की त्यांतली एखादी नर होते. "म्हणजे मामा आधी मामी होता," असं म्हणून आबा तासभर हसले होते. असा म्हातारा नर जिथं टिकतो, तिथं पुढच्या पिढ्या टिकतात, असं तिचं म्हणणं. ती खाली उतरली की मामा घळीच्या तोंडाशी येऊन तिच्याकडे टक लावून बघायचा. गावाला नकाशा कळला नसता, पण मामाची फिल्म सगळ्यांना कळली होती. सभेतही ती तीच दाखवणार होती.

रोज जेवताना ती मामाची हकिगत सांगायची. आज घळीच्या डाव्या तोंडाशी होता, आज भरतीला आत गेला. आबा तिला दटावायचे, "चेडवा, जागा सांगू नये." आमच्यात मासा कुठं लागला हे कुणी सांगत नाही आणि ताटावर बसून कुणी विचारत नाही. बाप मुलाला होडीत नेऊन दाखवील, पण घरात तोंडानं बोलणार नाही. शर्वरी हसायची. "आबा, माझं तर कामच जागा सांगायचं आहे."

मी कोयता घेतला, मासा उताणा केला आणि तोंड धरायला हात घातला. माझं बोट खाचेत गेलं.

मी पुन्हा बघितलं. पदरानं ओठ पुसून बघितलं. अशी खाच दुसऱ्या माशाला असू शकते, असं स्वतःला सांगून बघितलं. पण फोटो मी दोन वर्षं बघत होते. सख्ख्या मामाचं तोंड ओळखते तसं ते ओळखलं. घळीच्या अलीकडच्या अंगाला टाकलेलं आमिष बघून म्हातारा बाहेर आला असणार. माणसाला तो भीत नव्हता, ती सवय शर्वरीनंच लावली होती.

आत न्हाणीघरात आबा गात होते. दोन वर्षांत त्यांचा आवाज असा मोकळा ऐकला नव्हता. नजर गेल्यापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरायचे, चहा मागतानासुद्धा आधी खाकरायचे. मी त्यांना जाऊन सांगायचं होतं की तुम्ही चेडवाचा मामा मारलात? आणि शर्वरीला सांगायचं होतं की ज्याच्या जिवावर उद्या गावाकडून शब्द घेणार आहेस, तो माझ्या पाटावर पडलाय?

मासा पुरून टाकावा, असंही मनात आलं. पण आबा त्याचं डोकं मागणार होते. आमच्या घरातली रीत आहे. लेक सासरी परत निघाली की शेवटच्या जेवणाला माशाचं डोकं तिच्या ताटात. डोकं खाल्लेली लेक माहेरची वाट विसरत नाही म्हणतात.

मग मी एक गोष्ट केली. धारेचा चाकू आणला आणि मामाचा खालचा ओठ मुळापासून कापून काढला. माडाखाली मांजर बसली होती, तिच्यापुढं टाकला. ती तो घेऊन पळाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोण ओळखणार? मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. त्या दिवशी आम्ही दोघींनी डोळे मिटले होते.

दिवेलागणीला सत्यवान आणि शर्वरी मालवणहून आली. नव्या छापलेल्या नकाशाची मोठी गुंडाळी तिनं बाळासारखी धरली होती. आबा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओटीवर वाट बघत होते.

"चेडवा, आज माझ्या हातचो मासो. गळ मी टाकलंय, ओढलो मी. इचार शेवंतीक."

"आबा! एकटे गेलात?"

"होय तर! म्हाताऱ्याच्या हातात अजून दम आसा."

सत्यवान बापावर चिडला, मग मासा किती मोठा होता ते ऐकून निवळला. कुठं लागला ते त्यानं विचारलं नाही. तो आमच्यातलाच होता.

मी पानं वाढली. शर्वरीच्या ताटात डोकं. आबांनी हातानं चाचपून खात्री करून घेतली की डोकं तिच्याचकडे गेलंय. रीत मी सांगितली, तेव्हा तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी लेक झाले का जी?" म्हणाली आणि जेवायला वाकली.

तिनं डोकं आपल्याकडे वळवलं. मग थोडं तिरपं केलं. तिचा हात थांबला.

माझ्या हातात भाताची परात होती. तिनं वर बघितलं, माझ्याकडे. मी म्हटलं, "जेव गो, निवता."

मग तिनं आबांकडे बघितलं. आबा तिच्या समोर बसले होते, स्वतः न जेवता, कान तिच्या ताटाकडे लावून. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते तिचं जेवण ऐकत होते.

"कसा लागता?" आबांनी विचारलं.

"छान," ती म्हणाली. "खूप छान, आबा."

आणि ती जेवली. गालाचं मांस काढलं, डोळ्यामागचं काढलं, हाडं चोखली. मी शिकवलं होतं तसं सगळं. पुन्हा आमटी मागून घेतली. आबा हसत होते. मला वाटलं, देव पावला, हिला काही कळलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मी तर पोट दुखतंय सांगून घासही घेतला नव्हता, आणि घसा माझाच खवखवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रवळनाथाच्या मंडपात सभा भरली. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला, धोतर बांधून पडदा केला. गाव सगळं आलं होतं. आबा पहिल्या रांगेत. मी मागं बायकांत उभी होते, चहाचे कप भरत.

शर्वरीनं नकाशा समजावला. तांबड्या रेघेच्या आत गळ नाही, जाळं नाही, नांगर नाही. तिथं तरंगणारी पिंपं बांधायची, पर्यटकांच्या होड्यांनी त्यांनाच दोर लावायचा. मग तिनं फिल्म लावली. पडद्यावर घळ आली, आणि घळीतून मामा आला. सावकाश, आमच्या सगळ्यांकडे बघत, खाच पडलेला ओठ हलवत. पोरं ओरडली, "मामा! मामा!" आबांनी त्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले, ते बघून लोक हसले. मी कप खाली ठेवला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

अंकुश जोगी उठला. त्याची जाळी त्याच पट्ट्यात पडायची, त्यामुळं त्याचं पोट दुखणं साहजिक होतं.

"मॅडम, तुमचो मामा पडद्यार बरो दिसता. पण तो खडपात आसा, की नुसतो पिक्चरात? आम्ही घरादाराचो घास सोडूचो, आणि थंयसर कोण ऱ्हवताच नाय, असा नको."

शर्वरी पुन्हा पडद्याकडे वळली.

"शेवटचो कधी बघलास?" अंकुशनं विचारलं.

तिनं आबांकडे बघितलं. आबा मान उंचावून बसले होते, लेकीच्या परीक्षेला बसलेल्या बापासारखे.

"काल," ती म्हणाली.

काल ती दिवसभर मालवणला छापखान्यात होती. काल तिनं समुद्राला पाय लावला नव्हता. हे सत्यवानाला ठाऊक होतं, पण तो यंत्राच्या वायरीशी झटत होता, त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं. ती सगळं ओळखून जेवली होती. आणि आता गावापुढं, देवाच्या मंडपात, ती लपवत होती. जी पोरगी एक मासा दोनदा मोजला गेला असेल या शंकेनं पुन्हा पाण्यात उतरायची, तिला मी हे करायला लावलं होतं.

"मगे ठीक," अंकुश म्हणाला आणि खाली बसला.

आबांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. पाठोपाठ बाकीचे.

दुपारी तिची एसटी होती. आबांनी नारळ दिला, ती त्यांच्या पाया पडली. मी बॅग घेऊन तिठ्यापर्यंत गेले. वाटेत तीनदा तोंड उघडलं. शेवटी गाडी वळणावर दिसली तेव्हा म्हटलं, "शर्वरी, काल रातच्या जेवणात..."

"आबा किती खूश होते, नाही का वहिनी?" ती म्हणाली. एवढंच. खिडकीतून तिनं हात हलवला. मी हलवला की नाही, आठवत नाही.

पुढची वर्षं चांगली गेली, आणि तेच मला जड गेलं. पिंपं बसली, नांगर थांबले. बंदरावर तिच्या नकाशाची मोठी पाटी लागली. तिच्यावर दक्षिणेच्या घळीपाशी नाव आहे, 'मामाचं घर'. होडीवाले पर्यटकांना तिकडे बोट करून दाखवतात. मामा दिसत नाही म्हटलं की सत्यवान सांगायचा, "तो शाणो झालो. माणसाक तोंड दाखवणा नाय." हे त्याला मनापासून खरं वाटायचं.

आणि आबा. घरी कुणीही येवो, आबा ती गोष्ट सांगायचे. "शेवटचो गळ टाकलंय आणि असलो हेकरू! चेडवान हाडांन हाड चोखल्यान." मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून आत जायची. म्हाताऱ्याच्या उरलेल्या आयुष्यातली तीच एक मोठी गोष्ट होती आणि तिचा मधला तुकडा मी कापून मांजरीला घातला होता. शर्वरीचा दिवाळीला फोन यायचा. ती आबांशी बोलायची, सत्यवानाशी बोलायची. माझ्याशी बोलताना आम्ही दोघी हवापाण्यावर यायचो.

आबा गेले तेव्हा ती बाराव्याला आली. केसात पांढरं दिसत होतं. पाहुणे पांगल्यावर मागच्या पडवीत मी तांदूळ निवडत बसले, ती समोर येऊन बसली आणि निवडायला लागली. खडे ती तेव्हाही बरोबर वेचायची.

मी मान वर न करता विचारलं, "तू तेवाच वळखलंस?"

"डोकं वळवलं आणि ओठच नाही," ती म्हणाली. "वहिनी, दोन वर्षांत तुम्ही मला शंभर डोकी वाढली असतील. कधी ओठ कापला होता का? ठेवला असता तर कदाचित आमटीत मला कळलंही नसतं."

"मगे खाल्लंस कित्या?"

"आबा समोर बसले होते."

तांदळात माझा हात तसाच राहिला.

"आणि सभेत?"

"तिथंही आबा समोरच बसले होते." तिनं एक खडा बाहेर टाकला. "तेवढंच एक मी आयुष्यात असं बोलले. अजून कुठं भाषणाला उभी राहिले की तो जोगी मला समोर दिसतो."

मला रडू आलं. मी म्हटलं, "माझा पाप ता. तुझ्यार कित्या?"

"तुमचं कसं? तो बाहेर कधी येतो, कुठल्या तोंडाशी येतो, हे रोज जेवताना कोण सांगत होतं? त्यावरूनच आबांनी गळाची जागा धरली. आबा कितीदा म्हणाले, जागा सांगू नये. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी." तिनं निवडलेले तांदूळ बाजूला केले. "त्यांनी त्याला सोडून गळ टाकला होता ना? मला खात्री होती."

"होय. मामाचो मेव्हणो म्हणत होते."

त्यावर ती हसली, आणि हसता हसता तिचंही रडणं सुरू झालं. बराच वेळ आम्ही दोघी माझं माझं करत भांडलो. पाप वाटून घ्यायला कुणी तयार नसतं म्हणतात. आम्ही एकमेकींना द्यायला तयार नव्हतो.

"त्या घळीत मी पुन्हा गेले नाही," ती शेवटी म्हणाली. "मोजायला मुलांना पाठवते. त्यांच्या आकड्यांवर सही करते."

"उद्या जा," मी म्हटलं. "सत्यवान नेतलो."

दुसऱ्या दिवशी मी बंदरावर जाऊन बसले. पाटीच्या सावलीत. होडी उन्हं वर आल्यावर परतली. शर्वरी ओल्या कपड्यांनिशी पाण्यातून चालत आली आणि माझ्या शेजारी वाळूत बसली. दम लागला होता.

"कोण आसा थंय?"

"आहे एक. मोठा. मामाच्या वेळच्या माद्यांपैकीच एखादी असेल. आता तिचाच मामा झालाय." तिनं डोळ्यांतलं पाणी पुसलं, समुद्राचं होतं की तिचं, कळलं नाही. "घळीच्या तोंडाशी आला होता. माझ्याकडे बघत होता."

"ओठ?" मी विचारलं.

"अख्खा आहे, वहिनी. एक ओरखडा नाही."

सत्यवान होडीचा दोर ओढत आमच्यापर्यंत आला. "कसलो ओठ? कोणाचो?"

शर्वरीनं माझ्याकडे बघितलं. मी उठले, लुगड्याची वाळू झाडली.

"काय नाय," मी म्हटलं. "चला, पाना वाढतंय."